स्थळ आळ्याचं, कंपनी कुठली?

३ नोव्हेंबर, सोमवार

आज आलं: पोहे एक किलो, ६५. शेंगदाणे अर्धा किलो, ८०. दूध दोन लिटर, १२०. पेढे पाव किलो, १४०, पैकी सहा उरले, ते देवापुढे. स्थळ एक, खर्च नाही, चिमाजी भाऊजींनी आणलं.

मुलगा आळे गावचा. नाव गोरक्ष. बी.एस्सी. उंची चालेल. वडील नाहीत. घरी आई बयाबाई, थोरला भाऊ शेती बघतो, विहिरीला पाणी. कुलदैवत खंडोबा, म्हणजे आपलंच. बयाबाईंचं माहेर माझ्या मावशीच्या गावचं. त्यामुळे तिकडची चौकशी पोहे परतता परतताच पुरी झाली.

नोकरी विचारली. म्हणाला, क्रिप्टोकरन्सी एक्स्चेंज आहे, ग्लोबल कंपनी, घरूनच काम. एवढं बोलून खाली बघत बसला. एकूण तीन वाक्यं बोलला, त्यातलं एक पाणी नको हे होतं.

प्रांजलने याआधी चार स्थळं नाकारली. याला नाही म्हणाली नाही. पाहुणे गेल्यावर कपबशा न सांगता विसळल्या. याचा अर्थ हो, असं ह्यांचं म्हणणं. मी इतक्यात अर्थ काढत नाही.

उत्तर चंपाषष्ठीपर्यंत द्यायचं आहे. तोवर कंपनीची चौकशी करणार. मुलाच्या घराण्याची माहिती तालुक्यात कोणीही देईल. पण मुलगा दिवसभर ज्याची चाकरी करतो तो कोण, कुठला, हे कोणी विचारत नाही. मी विचारणार.

४ नोव्हेंबर

हे डेपोतून आल्यावर विषय काढला. ह्यांनी हात पुसत पुसत सांगितलं, पोरगा बघ, कंपनी काय बघतीस. मी म्हटलं, उद्या कंपनी बुडाली तर पोरगी कुठं जाईल? म्हणाले, आपली एसटी पंचवीस वर्षं बुडतीय, तू कुठं गेलीस?

मी स्वयंपाकघरात गेले. भाजी करपत होती.

माझ्या चौकशीवर आजवर नात्यातल्या तीन सोयरिकी मोडल्या आहेत. त्या तिन्ही मुलांचे पुढे दुसरीकडे चांगले संसार झाले, तो भाग वेगळा. त्या वेळी जे दिसत होतं त्यावरून निर्णय बरोबरच होता.

माझी पद्धत: आपलं खरं नाव सांगायचं नाही. मुद्द्याचं एकदम विचारायचं नाही. आणि समोरचा काय बोलतो यापेक्षा कुठे थांबतो ते बघायचं.

कंपनीचं नाव वहीत लिहीत नाही. ठरायच्या आधी लिहून ठेवलेलं स्थळ मोडतं असा अनुभव आहे. शिवाय ते नाव घरात प्रत्येक जण वेगळं उच्चारतो.

एक्स्चेंज म्हणजे काय ते प्रांजलने समजावलं. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटसारखं, म्हणाली. मार्केट स्वतः टोमॅटो पिकवत नाही, विकणाऱ्याला नि घेणाऱ्याला एका जागी आणतं आणि मधलं कमिशन ठेवतं. हे समजलं. मग यांचे टोमॅटो कुठे असतात? ते दिसत नाहीत, म्हणाली. निदान क्रेट? क्रेटही नसतात.

हे ध्यानात ठेवलं आहे.

६ नोव्हेंबर

प्रांजलच्या जुन्या मोबाईलवर कंपनीचं 'आमच्याविषयी' हे पान उघडलं. मोबाईल ते मराठीत करून देतो, पण मराठी अशी की दोनदा वाचावी लागते.

कंपनी आठ वर्षांची. जन्म एका बेटावरचा. तिघांनी मिळून काढली, त्यातला एक आधी पोहायला शिकवायचा. दोन वर्षांनी बेटाच्या सरकारने परवाना मागितला तेव्हा कंपनी दुसऱ्या देशात गेली. तिथल्यांनी मागितला तेव्हा तिसऱ्या. आता खाली लिहिलंय, काही माणसं दुबईत बसतात. मुख्यालय: नाही. वर मोठ्या अक्षरात 'आम्ही सीमा मानत नाही'. जसा काही पराक्रमच.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, आगं मग आमचा वाडा तरी कुठं येका जागी व्हता? दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात, पावसाच्या आदी माघारी. आज हितं, उद्या तिथं. लोकं आपली मेंढरं आमच्याकडं राखायला द्यायचीच की. बुडालं का कुणाचं येक तरी कोकरू?

मी म्हटलं, आत्या, तुमचा तळ पुढे कुठे गेला हे मागच्या गावाला ठाऊक असायचं. त्यावर म्हणाल्या, मग तू बी मागच्या गावाला इचार की. लसणाला कशाला काव आणतीस?

सूचना चांगली आहे. मागचं गाव म्हणजे ते बेट. बेटाच्या सरकारला पत्र लिहिणार.

७ नोव्हेंबर

पोस्टात जाऊन बेटाला रजिस्टर पत्राचं काय पडतं ते विचारलं. बेटाचा नाद सोडला. सरकारं तशीही खरं सांगत नाहीत.

८ नोव्हेंबर, शनिवार

मोठं काम झालं. कंपनीच्या पानावर खाली कोपऱ्यात एक गोल दिसतो, त्यात 'आम्ही मदत करू का?' असं असतं. तो दाबला. भाषा विचारली, मराठी दाबलं. लगेच पलीकडून माणूस हजर. नाव सॅम. आणि हे सगळं फुकट.

मी सौ. देशमुख, पुण्याहून, असं सांगितलं. पैसे गुंतवायचे आहेत, आधी कंपनीचं घराणं समजून घ्यायचं आहे, असं लिहिलं. तो म्हणाला, विचारा ना ताई.

इतकं अदबशीर बोलणं हल्ली ऐकू येत नाही. मुलगा दुबईत असणार. तिथे मराठी मुलं पुष्कळ आहेत. बोलता बोलता मध्येच गायब झाला, मग लिहिलं, सॉरी ताई, लाईट गेली होती. दुबईतही लाईट जाते हे कळून बरं वाटलं. आपण उगीच महावितरणला बोलतो.

मुख्यालयाचं विचारलं. क्षणभर थांबला. मग लिहिलं, खरं सांगायचं तर एक ठिकाण असं नाही ताई.

थांबला होता, हे नोंदवते.

१० नोव्हेंबर, सोमवार, उपास

सॅमशी दुसरी बैठक. आता मावशी म्हणतो.

तिघा मालकांचं विचारलं. त्यातला एक फुटून निघाला आणि त्याने दुसरी कंपनी काढली. म्हणजे भाऊबंदकी आहे. कोर्टकचेरी? सॅम म्हणाला, एका देशात दंड झाला होता, भरला. का झाला? गिऱ्हाईक कोण, कुठलं याची नीट चौकशी न करता खाती उघडली म्हणून.

चौकशी केली नाही म्हणून दंड! हे ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. हे म्हणाले, मग त्यांना तुझा नंबर दे, नोकरीच लागंल.

दहा वाजता सॅमने लिहिलं, मावशी पाच मिनिटं हां, थ्री फेज आलीय, मोटर चालू करून येतो. दुबई वाळवंटात आहे. पाण्यासाठी मोटर लागणारच.

१३ नोव्हेंबर

कंपनीचं कुलदैवत विचारलं. बऱ्याच ठिकाणी दुकानापुढे गणपती असतो, त्या अर्थाने. सॅम म्हणाला, कंपनीचं माहीत नाही मावशी, माझा खंडोबा. मी म्हटलं, आमचाही, वडजचा. त्यावर त्याने भंडाऱ्यासारखी पिवळी चिन्हं पाठवली. परदेशात राहून मुलाने धर्म सोडलेला नाही. भाषाही आपल्या इकडचीच राखली आहे, 'लई' म्हणतो.

नंतर ध्यानात आलं, सौ. देशमुख म्हणून वडजचं नाव सांगायला नको होतं. पण देशमुखही जातात वडजला. काही बिघडलेलं नाही.

तुलनेसाठी: गोरक्ष तीन वाक्यं. सॅम, विचारू तेवढं.

प्रांजल आजकाल मी चॅटवर बसले की स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. तिलाही या विषयात गोडी लागत आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सॅमला सहज विचारलं, लग्न? म्हणाला, एके ठिकाणी बोलणं चाललंय मावशी. मुलगी बघितली, आवडली. तिचंही तसंच दिसतंय. पण तिच्या आईचं मन वळत नाही.

मला फार वाईट वाटलं. विचारलं, त्यांचं म्हणणं काय? म्हणाला, मुलात खोट काढलेली नाही, नोकरीवर शंका आहे.

अशा आया असतात. मुलगा समोर सोन्यासारखा बसलेला आणि ह्या कागद चाळत बसणार. मी लिहिलं, बाळा, त्या बाईला सरळ सांग, पोराकडे बघा, कंपनीकडे काय बघता? मनगटात जोर असला की माणूस कुठेही कमावतो. आणि घाबरू नकोस, अशा बायका वरून कडक असतात.

 पलीकडून आलं, मावशी, हे मी त्यांना कसं सांगू?

मी म्हटलं, माझं नाव सांग.

१९ नोव्हेंबर

एक विचार मनात घोळतो आहे. सॅमचं तिथे जमलं नाही तर? खंडोबा आपला. भाषा आपली. स्वभाव तर पाहिलाच आहे, फोटो पाहिला नाही एवढंच. दुबईला विमान आहे.

प्रांजलला आडून सुचवलं की कंपनीतच, पण आळ्याच्या मुलापेक्षा पुष्कळ बरा, बोलका असा एक मुलगा माझ्या पाहण्यात आहे. ती पाणी पीत होती. तिला जोराचा ठसका लागला, मग ओढणी तोंडावर धरून आतल्या खोलीत पळाली. खांदे हलत होते.

लाजली. वयच तसं आहे.

सासूबाई म्हणाल्या, ती लाजली न्हाई, हासली. त्यांना हल्ली नीट दिसत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चंपाषष्ठी बुधवारी. आज चौकशीचा शेवटचा प्रश्न विचारला. माझ्या पद्धतीत हा प्रश्न शेवटी असतो आणि यात कोणी खोटं बोलू शकत नाही. सॅमला लिहिलं, तुझी सख्खी बहीण असती तर तुझ्या कंपनीतल्या मुलाला दिली असतीस का? देवाला स्मरून सांग.

तो लिहितोय असे तीन ठिपके हलत राहिले. थांबले. पुन्हा हलले. मी तेवढ्यात कुकर उतरवून आले. मग उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते:

'मावशी, देवाला स्मरून विचारलंत म्हणून सांगतो. कंपनीचा भरवसा मी देऊ शकत नाही. तिचं ठिकाण मलाही ठाऊक नाही. तीन वर्षांत माझा साहेब मी पाहिलेला नाही, त्याचं खरं नावही माहीत नाही. पगार वेळेवर येतो, पण उद्या बंद झाला तर कुणाच्या दारात जायचं हे सांगता येणार नाही. मुलाचा भरवसा मात्र देतो. कंपनी गेली तरी तो बायकोला उपाशी ठेवणार नाही. बहिणीला दिली असती.'

यातलं पहिलं महत्त्वाचं. शेवटचं बोलणं त्याच्या मनाच्या मोठेपणाचं आहे. आळ्याचा मुलगा कसा आहे हे त्याला काय माहीत?

निर्णय झाला. नकार.

२३ नोव्हेंबर

सॅमचे उपकार ठेवून घेणं बरं नाही. मुलाने नोकरीची पर्वा न करता खरं सांगितलं.

बारा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी आळेफाट्याला बंद पडलेली गाडी भर उन्हात दुरुस्त करून दिली, तेव्हा गाडीतल्या एका मास्तरांनी डेपोच्या सूचना पुस्तकात अर्धं पान स्तुती लिहिली होती. ह्यांना स्वातंत्र्यदिनी नारळ आणि शाल मिळाली. शाल अजून नवी आहे. लोक तक्रारी लिहितात, चांगलं कोणी लिहीत नाही, म्हणून चांगल्या माणसाची वर नोंद होत नाही.

कंपनीचंही तसं पुस्तक आहे. बोलणं संपलं की विचारतात, आमची सेवा कशी वाटली? खाली पाच तारे नि एक चौकोन. आजवर मी ते बंद करत होते. आज पाचही तारे दाबले आणि चौकोन भरून लिहिलं. शब्दांची मर्यादा होती, तीत बसवलं:

'आपले कर्मचारी सॅम हे अत्यंत प्रामाणिक आहेत. कंपनीला ठिकाण नाही, कंपनीचा भरवसा देता येत नाही, साहेबाचं खरं नाव कुणाला माहीत नाही, हे त्यांनी कसलीही लपवाछपवी न करता सांगितलं. त्यामुळे माझे कुटुंब मोठ्या संकटातून वाचले. त्यांचा जाहीर सत्कार करावा व पगार वाढवावा.'

पाठवलं. मनाला फार शांत वाटलं. शाल तिथे देत नसतील, उकाडा असतो.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

सकाळी वडजला जाऊन आलो. वांग्याचं भरीत, रोडगे, कांद्याची पात, तळी भरली. यंदा सगळं वेळेवर झालं.

चिमाजी भाऊजी प्रसादाला आले तेव्हा नकार सांगितला. ते म्हणाले, वहिनी, पुन्हा एकदा इचार करा, पोरगं लई गुणाचं हाय. मी म्हटलं, भाऊजी, माझी माहिती थेट आतली आहे. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे ताटाकडे बघत होते.

प्रांजल ऐकत होती.  भरीत तिच्या आवडीचं, पण ताट तसंच झाकून ठेवलं. म्हणाली, आई, तू मला एकदाही विचारलं नाहीस.

मी म्हटलं, तुला काय माहिती असणार?

२८ नोव्हेंबर

सॅमला कळवावं म्हणून चॅट उघडला. मराठी दाबलं. 'मी आपला स्वयंचलित सहायक' असं आलं. सॅम कुठे विचारलं. 'आपला प्रश्न समजला नाही. कृपया पुढीलपैकी निवडा.' निवडण्यात सॅम नव्हता.

रजेवर असेल. बहुतेक ते लग्न जमलं. माझा सल्ला कामी आला.

१ डिसेंबर, सोमवार

चिमाजी भाऊजी बातमी घेऊन आले. आळ्याच्या गोरक्षची नोकरी गेली. गुरुवारी सकाळी मेल आला आणि कॉम्प्युटर आपोआप बंद झाला. त्यानंतर कुणाला फोन लावावा तर नंबरच नाही.

मी फक्त एवढंच म्हटलं, म्हणजे आठ दिवसांत कळलं की नाही? नाहीतर उद्या आपली पोर तिथे असती.  सासूबाई म्हणाल्या, देवानं वाचिवलं म्हणायचं का पोराला बुडीवलं? मी म्हटलं, देवाने वाचवलं, निमित्त चौकशीचं.

प्रांजल तेवढ्यात कामावरून आली. दारातच सगळं ऐकलं. चप्पल न काढता उभी राहिली.

माझी चौकशी इतकी बरोबर ठरेल असं मलाही वाटलं नव्हतं.

२ डिसेंबर

प्रांजल आज बोलली. मोठ्याने बोलली असती तर बरं झालं असतं.

सॅम म्हणजे गोरक्ष. दुबईत कोणी नाही. कंपनीच्या मराठी चॅटवर सकाळपाळीला एकच माणूस असतो, तो आळ्याला, गोठ्याशेजारच्या खोलीत. कंपनी प्रत्येकाला एक इंग्रजी नाव देते. त्याला सॅम दिलं होतं.

मी कोण ते त्याला कधी कळलं, हे विचारलं. ती म्हणाली, शंका त्याला पहिल्या दिवसापासून होती. कंपनीचं घराणं विचारणारं दुसरं कोण असणार? वडजचा खंडोबा म्हणालीस तेव्हा खात्री झाली. त्याने तेव्हा प्रांजलला विचारलं होतं, काय करू? ती त्याला म्हणाली, विचारू दे आईला, मनातलं सगळं निघून जाईल.

मग तो शेवटचा प्रश्न. त्याने तेव्हाच प्रांजलला फोन केला होता. तिने सांगितलं, काहीतरी गोड लिही आणि सोड. तर म्हणाला, आईंनी देवाला स्मरून विचारलंय, खोटं कसं सांगू?

'आईंनी' म्हणाला.

गोरक्षला आलेला कंपनीचा मेल तिने मोबाईलवर दाखवला. माझा चौकोन त्यात पुराव्यासारखा इंग्रजीत उतरवला होता, पाच ताऱ्यांसकट. प्रांजलने मराठी करून वाचला. भाषांतर चांगलं होतं. सत्कार हा शब्दसुद्धा गाळला नव्हता.

थ्री फेजच्या वेळी मला थोडी शंका आलीच होती. लिहिली नव्हती एवढंच.

५ डिसेंबर

अजून वेळ गेलेली नाही. चूक कंपनीच्या समजुतीची आहे, ती दूर करता येईल. चॅट उघडून चौकोन नव्याने भरला: मागील अभिप्राय स्तुती समजून वाचावा. स्वयंचलित सहायक म्हणाला, अभिप्रायाबद्दल आभार. मी वरिष्ठांचा पत्ता मागितला. म्हणाला, आम्ही सीमा मानत नाही.

मग विचारलं, आजची सेवा कशी वाटली?

एक तारा दाबला. कुणाची नोकरी जाते का बघू.

८ डिसेंबर, सोमवार

शांतपणे विचार केला. मुलावर माझी हरकत कधीच नव्हती. हरकत कंपनीवर होती. आता मुलाच्या मागे कंपनी उरलेली नाही. म्हणजे हरकतही उरली नाही. हे इतकं सरळ असून कोणाच्या लक्षात आलं नाही.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तू बोललीस ते चिमाजीला सांगू का, का आपल्यापुरतंच ठेवू? मी म्हटलं, सांगा.

चिमाजी भाऊजी आळ्याला होकार घेऊन गेले.

१० डिसेंबर

भाऊजी परत आले. चहा नको म्हणाले, यावरून कळलं.

मुलगा काही बोलला नाही. पुण्यात कुठल्याशा ऑफिसला अर्ज केलाय, तोवर भावाबरोबर कांद्याच्या लागणीला जातो. बयाबाई बोलल्या. म्हणाल्या, पोरीबद्दल आमचं काहीच म्हणणं न्हाई, पोरगी सोन्यासारखी. पण आमी बी चौकशी केली. तुमच्या गल्लीतच केली, पोरीच्या आईची.

गल्लीत कोणाला विचारलं, असं मी विचारलं. भाऊजी म्हणाले, वहिनी, त्यांनी कुणालाच इचारलं न्हाई. नुसतं तुमचं नाव घेतलं, मग लोकंच सांगत बसली.

काय सांगितलं ते भाऊजींनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. लिहिण्यासारखं नसेल.

प्रांजल कामावर गेली होती. तिला ह्यांनी सांगितलं. मी भाजी निवडत होते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

फोन करावा असं हे म्हणाले. फोनवर मी बोलायला लागले की थांबत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून पत्र. पहिले दोन कागद फाडले, त्यात माझी बाजू फार झाली होती. तिसरा पोस्टात टाकला. नक्कल इथे ठेवते.

श्रीमती बयाबाई यांस नमस्कार.

आपण आमच्या गल्लीत माझी चौकशी केलीत. योग्य केलंत. लोकांनी सांगितलं त्यातलं बरंचसं खरं असेल. मी विचारते फार, आणि ऐकून झालं की मला हवं तेवढंच ठेवते, हे मला या महिन्यात कळलं.

आपल्या गोरक्षचं काम माझ्या स्तुतीने गेलं. वाईट हेतू नव्हता, पण तेवढ्याने त्याचा पगार परत येत नाही.

प्रांजल माझ्यासारखी नाही. वडिलांवर गेली आहे, कमी बोलते. सध्या माझ्याशी त्याहूनही कमी बोलते. वेळेवर उठते, कामावर जाते, घरातलं सगळं करते. फक्त घरात नसल्यासारखी असते. मी आई आहे, मला ते दिसतं.

आपल्या घरी ती आली तर मी विचारल्याशिवाय येणार नाही, आणि आले तर काही विचारणार नाही. हे मी देवापुढे ठरवलं आहे.

होकार असेल तर आनंद आहे. नकार असेल तर तो माझ्यामुळे आहे असं स्पष्ट लिहावं, मी ते तिला दाखवीन. सोबत आमचा पत्ता घातलेलं पाकीट ठेवलं आहे, तिकीट मी लावलं आहे. जे असेल ते उलट टपाली कळवावं.

आपली,
सौ. वैजयंती